नव्या रायफलीशी पहिली भेट

(विजयादशमीनिमित्त लोणावळा येथे झालेल्या शस्त्रपूजनाच्या कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन)



आज शस्त्राविषयीच बोलावे, असा संयोजकांचा आग्रह होता. मी पत्रकार, लेखणीवर पोट भरणारा माणूस. तलवारीवर बोलायला इतिहासकार आहेत, तोफेवर बोलायला सैन्यातील निवृत्त अधिकारी आहेत. तेव्हा मी एका लहान शस्त्राविषयी बोलणार आहे. कार्यक्रमापूर्वी दोन युवकांनी मोबाईलवर मला त्याचे चित्र दाखवले. काळीभोर रायफल, पिस्तुलासारखी मूठ, मागेपुढे सरकणारा दस्ता, वर दुर्बीण लावण्यासाठी आडव्या खाचांची पट्टी. "काका, ही कमांडोंची का हो?" असा त्यांचा प्रश्न होता. योगायोग असा की, ही रायफल मी गेल्या वर्षी हाताळली आहे.

नात्यातील एक मराठी कुटुंब अमेरिकेत टेक्सासमध्ये राहते. गृहस्थ अभियंता म्हणून निवृत्त झालेले, घरात नित्य रामरक्षा, आणि दर शनिवारी सकाळी नेमबाजी. त्यांनी मला सोबत नेले. पेटीतून त्यांनी स्मिथ अँड वेसन कंपनीची, २००९ साली बाजारात आलेल्या प्रकारातील पॉइंट टू-टूची रायफल काढली. पहिल्या दर्शनी मी बिचकलो, हे कबूल करतो. अमेरिकन सैनिकाच्या खांद्यावर दिसणाऱ्या शस्त्राची ती हुबेहूब प्रतिकृती होती. हातात घेतली आणि हसू आले. वजन जेमतेम अडीच किलो! बाहेरचा बहुतेक भाग टणक प्लास्टिकचा.

आत पाहिल्यावर भेद कळतो. सैनिकी रायफलीत गोळीमागच्या वायूचा काही अंश वळवून त्यावर यंत्रणा चालवतात. येथे तसले काही नाही. गोळी पुढे जाते त्याच धक्क्याने रिकामे काडतूस मागे येते, बोल्टला ढकलते, बाहेर उडते, आणि स्प्रिंगच्या जोराने परतणारा बोल्ट मॅगझीनमधले पुढचे काडतूस नळीत सारतो. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती अर्धस्वयंचलित. काडतूसही जुन्याच घराण्यातले. त्याची स्फोटक दारू बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ वळीत असते. हातोडी त्या कडेवर बसते, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. आज सर्वत्र वापरले जाणारे हे काडतूस १८८७ सालचे आहे, लोकमान्यांच्या 'केसरी'हून सहा वर्षांनी लहान! सैनिकी गोळीच्या तुलनेत त्याची शक्ती साधारण दहावा हिस्सा. तरीही ती गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते आणि माणसाचा प्राण घेऊ शकते. तिला खेळणे समजण्याची चूक कोणी करू नये.

मग माझी पाळी आली. मॅगझीनमध्ये पंचवीस गोळ्या. धक्का जवळजवळ नाहीच. पहिली गोळी सावधपणे मारली, दुसरी थोडी लवकर, आणि पुढे माझे बोट माझे राहिले नाही. अर्ध्या मिनिटात मॅगझीन रिकामे! फार मजा आली, खोटे कशाला सांगू? कागद जवळ आणला तेव्हा लक्ष्यावर देवीच्या व्रणांसारखी भोके पसरलेली होती, आणि त्यांतली कोणती गोळी का चुकली हे मला सांगता येईना.

मला एनसीसीचे दिवस आठवले. महाविद्यालयात आम्हाला पॉइंट टू-टूच दिली होती, पण लाकडी दस्त्याची, बोल्टची. पंचवीस यार्डांवर लक्ष्य, पालथे पडून नेम, आणि वाट्याला पाच गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे सारायचा. त्या दोन-तीन क्षणांत मन आपोआप मागे वळून पाही: श्वास रोखला होता का, चाप हिसकला का? हवालदार साहेब म्हणत, "गोळी सरकारची आहे, हिशोब तुझा आहे." नव्या रायफलीने ते दोन-तीन क्षणच काढून घेतले आहेत. मला ती रायफल वाईट वाटली नाही. ज्याच्या अंगी शिस्त आहे त्याला ती उत्तम साथ देईल. पण शिस्त नसलेल्याला ती शिस्त लावणार नाही. बोल्टची रायफल थोडीफार लावते.

घरी परतल्यावर या विषयावर वहिनी काहीशा तीव्रपणे बोलल्या. त्याच राज्यात उव्हाल्डे या गावी २४ मे २०२२ रोजी अठरा वर्षांच्या मुलाने शाळेत शिरून एकोणीस बालके आणि दोन शिक्षिकांना ठार केले. त्याची रायफल मोठ्या काडतुसाची होती, पण बाह्य रूप हेच. "यांचं शस्त्र कुलपात असतं हे मला ठाऊक आहे, पण असलं रूप घरात नको वाटतं," असे त्या म्हणाल्या. गृहस्थ गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. रूपाचे आकर्षण हेच या रायफलीच्या विक्रीचे मर्म आहे आणि त्या माउलीने नेमके तेथेच बोट ठेवले होते.

मित्रांनो, आपण बसलो आहोत तेथून कुरवंडे घाट हाकेच्या अंतरावर आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी करतलबखान तो उतरून कोकणात निघाला आणि उंबरखिंडीत सापडला. तोड्याच्या बंदुकीच्या त्या काळात एक बार झाला की पुन्हा दारू ठासेपर्यंत वेळ जाई. शिवरायांच्या माणसांनी रानात श्वास रोखून सारी फौज चिंचोळ्या वाटेत येऊ दिली. एखाद्याने उतावळेपणाने आधीच बार काढला असता, तर? खानाबरोबरच्या रायबागन सावित्रीबाईंनी शरणागतीचा सल्ला दिला, खान खंडणी देऊन आणि सामान टाकून निसटला. मावळ्याच्या शस्त्राचे रूप कोणाला आठवतही नाही.

अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याचे काडतूस हेच, पॉइंट टू-टू रिमफायर! पण त्या स्पर्धेत मॅगझीनच नसते. एक काडतूस हाताने भरायचे, एक गोळी मारायची. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलीमीटरचे. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, तिन्ही आसनांत ते साधायचे. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळवले, तेही याच काडतुसावर.

आता कायद्याचे. १८७८ च्या कायद्याने इंग्रजाने आपल्याला परवान्याच्या जोखडात अडकवले आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट दिली. तो अपमान होता. परंतु १९५९ चा शस्त्र कायदा आपल्याच संसदेचा आहे. त्याखालील नियमांनुसार अर्धस्वयंचलित रायफल निर्बंधित वर्गात येते. सामान्य नागरिकाला ती सहसा मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वरातीत वा मिरवणुकीत निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परवान्याची बंदूक घरी असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. लग्नसराई आता जवळ आली आहे.

ज्या दोन युवकांनी मला चित्र दाखवले, त्यांना माझे उत्तर असे: नाही, ही कमांडोंची नाही, तिने कमांडोचे कपडे घातले आहेत. नेमबाजी शिकायची असेल, तर बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात शूटिंग रेंज आहे, महाविद्यालयात एनसीसी आहे. दहा मीटरच्या एअर रायफलने आरंभ करा. सारे तसाच करतात.

जाता जाता एक वस्तू दाखवतो. त्या दिवशी निघताना गृहस्थांनी मला नवा कागद लावून दिला आणि पाचच काडतुसे हातावर ठेवली, एका वेळी एकच भरायच्या अटीवर. दोन्ही कागद मी सोबत आणले आहेत. या पहिल्यावर पंचवीस भोके आहेत. आणि हा दुसरा पाहा: चार एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात, पाचवे डावीकडे गेले आहे. तेव्हा चाप हिसकला होता. कागद पुढच्या रांगेकडे देतो, पाहून मागे पाठवा.