एक पिकोफॅरड आणि शिरोलीची लाइन



आता थेट विषयावर येतो, कारण जेवणाआधीचं भाषण लांबवणाऱ्याला कोल्हापुरात माफी नसते.

सिंगल फेज पंपाचा कंडेन्सर इथं प्रत्येकानं हाताळलेला आहे. त्यावर ५० मायक्रोफॅरड असं काहीतरी छापलेलं असतं. टच कीवर बोट टेकलं की कपॅसिटन्स वाढते ती साधारण अर्धा ते एक पिकोफॅरड. एक पिकोफॅरड म्हणजे त्या कंडेन्सरचा पाच कोटीवा हिस्सा. शिवाय ट्रॅक, काच आणि कंट्रोलरची पिन यांची मिळून दहा-पंधरा पिकोफॅरड आधीच तिथं ठाण मांडून असते. त्यावर आलेली ही चिमूटभर वाढ आपल्याला ओळखायची आहे, आणि तीही शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या विजेच्या लाइनवर, जिथं शेजारच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस चालू आहे आणि भिंतीपलीकडं मोटारचा वेग बदलणारे चार व्हीएफडी फिरताहेत.

कंट्रोलर निवडताना आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: सेन्सिटिव्हिटी किती? माझ्या मते या प्रश्नाला काडीची किंमत नाही. सेटिंगमधला एक आकडा वाढवला की सेन्सिटिव्हिटी वाढते आणि तिच्याबरोबर नॉइजही वाढतो. विचारायचं ते सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण. आणि ते कुठं, कशा अवस्थेत मोजलं, हेही.

चार्ज ट्रान्स्फरची पद्धत घ्या. सेन्सर चार्ज करायचा, तो चार्ज दहा-वीस नॅनोफॅरडच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ओतायचा आणि ठरलेली पातळी गाठायला किती खेपा लागल्या ते मोजायचं. वाटीनं घागर भरावी तसं. बोट आलं की वाटी जरा मोठी होते, खेपा कमी लागतात. सेन्सर १२ पिकोफॅरडचा आणि बोटाची भर ०.६ असेल, तर १००० खेपांच्या जागी साडेनऊशेच्या आसपास लागतील. हा पन्नासाचा फरक म्हणजे आपला सिग्नल. कुणी हात लावलेला नसताना आकडा दहानं वरखाली होत असेल तर प्रमाण झालं पाचास एक. धंद्यात साधारणपणे किमान मानतात ते एवढंच.

इथं सगळे सरासरीकडं धावतात. सोळा मोजण्यांची सरासरी घेतली की नॉइज चौथाईवर येतो, असं पुस्तकात आहे. ते खरंही आहे, पण नॉइज बेताल असेल तर. आपल्या लाइनवरच्या नॉइजला ताल आहे! थायरिस्टरचा आहे, इन्व्हर्टरचा आहे, स्वस्तातल्या एलईडी ड्रायव्हरचाही आहे. तुम्ही २५० किलोहर्ट्झला मोजताय आणि एखादा हार्मोनिक त्याच्या शेजारी दोन हर्ट्झवर बसलाय, तर तुमच्या आकड्यात सेकंदाला दोन सावकाश लाटा दिसतील. कुणी बोट टेकवतंय आणि उचलतंय, हुबेहूब तसं. अशा वेळी सोळाची सरासरी घ्या नाहीतर चौसष्टची, लाट तिथंच राहते. मोजण्याची फ्रीक्वेन्सी बदलणं हाच उपाय. तीन वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला मोजा आणि मधला आकडा घ्या. त्याआधी कंट्रोलरच्या पिनेला अगदी चिकटून दहा किलोओहमचा रेझिस्टर टाका. १२ पिकोफॅरडबरोबर त्याचा फिल्टर सव्वा मेगाहर्ट्झच्या आसपास लागतो, वरचा रेडिओचा कचरा आत येत नाही. काही पैशांचा हा रेझिस्टर ले-आउटमध्ये विसरायचा आणि मग पोरांना महिनाभर सॉफ्टवेअर फिल्टर लिहायला बसवायचं, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहतो.

चार्जरची भानगड याहून बेरकी. दोन पिनी चार्जरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये एक वाय कपॅसिटर असतो. त्यातून स्विचिंगचा नॉइज पलीकडं जातो आणि उपकरणाचा अख्खा ग्राउंडच जमिनीच्या मानानं वरखाली नाचतो. हात लावलेला नसतो तोवर सेन्सरला याचा पत्ता नसतो, कारण त्याच्यासह सगळंच एकत्र नाचतंय. माणसाचं शरीर मात्र जमिनीशी शंभरेक पिकोफॅरडनं बांधलेलं. बोट टेकलं की तो नाच सेन्सरमध्ये उतरतो. म्हणजे नॉइज बोटाबरोबर येतो आणि बोटाबरोबर जातो. बोट न लावता काढलेला नॉइजचा आलेख कितीही सपाट दिसला, तरी त्याला अर्थ नाही.

याउलट एक काम मला फार आवडतं: घरची इंडक्शन शेगडी. काचेवर टच की, आणि तिथून वीतभर अंतरावर वीस-तीस किलोहर्ट्झची, दीड-दोन किलोवॅटची कॉइल. पण शेगडीतला डीसी बसचा कपॅसिटर मुद्दाम लहान ठेवतात, त्यामुळं कॉइलचा जोर मेन्सबरोबर सेकंदाला शंभर वेळा शून्याजवळ येतो. काही डिझायनर नेमक्या त्या क्षणी मोजणी उरकतात. शेजारी भांडण चाललंय, तर त्यांनी श्वास घेतला की आपण बोलून घ्यायचं.

आता पाणी. इचलकरंजीकडची मंडळी सूत तपासतात तेही कपॅसिटन्सवरच. पट्ट्यांमधून सूत जातं, जाडी बदलली की कपॅसिटन्स बदलते. पण दमट सूत आकडा फसवतं, म्हणून त्या प्रयोगशाळेत आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरून ठेवतात. आपल्या दूध संकलन केंद्रावरच्या टच पॅनेलला हे कसं जमणार? पहाटे सहाला रांग, ओले हात, पॅनेलवर दुधाचे थेंब, जुलैत चोवीस तास पाऊस. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८० च्या घरात, काचेचा सातच्या आसपास. कीभोवती त्याच व्होल्टेजवर नाचणारं तांबं घातलं, म्हणजे ड्रिव्हन शील्ड केलं, तर की आणि शील्ड दोन्हींवर पसरलेला थेंब निरुपद्रवी ठरतो. पण तोच ओघळ अर्थ केलेल्या लोखंडी फ्रेमपर्यंत पोचला की शील्ड हतबल. तिथं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं फॅब्रिकेशनवाल्याला फोन करावा: पॅनेल तिरकं कर, फ्रेम लांब ने.

बेसलाइनचं, म्हणजे हात लागलेला नसतानाच्या आकड्याचंही तेच. ओल्या पॅनेलवर मशीन सुरू केलं तर ओल हीच बेसलाइन म्हणून धरली जाते. मग कुणी फडक्यानं पुसलं की आकडा बेसलाइनच्या उलट बाजूला जातो, आणि बोट लावूनही थ्रेशोल्ड गाठत नाही. की मेली, असं सांगत ग्राहक येतो. उलट्या दिशेला बेसलाइन झटकन सरकवली पाहिजे, बोटाच्या दिशेला अगदी सावकाश. बऱ्याच पॅनेलांत दोन्हीकडं एकच वेग दिसतो.

माझी सूचना छोटी आहे. आपल्या गावात सगळ्यांनी मिळून वापरायचा एक टेस्ट बेंच हवा. प्रमाणित चाचण्यांना पर्याय म्हणून नव्हे, त्याआधी घ्यायची परीक्षा म्हणून. त्यावर एक व्हीएफडी, तीन-चार हलके चार्जर, पाण्याचा फवारा, आणि बोटाऐवजी पितळी दांडा, ज्याच्यापासून अर्थपर्यंत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि दीड किलोओहमचा रेझिस्टर. तो दांडा उद्यमनगरात कुठल्याही लेथवर अर्ध्या तासात होईल. जागा द्यायला कॉलेजांनी पुढं यावं, व्हीएफडी कारखानदारांकडं धूळ खात पडलेच आहेत.

दुपारच्या सत्रातले निबंध मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे. वाचणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवतो: नॉइजचा आलेख पडद्यावर आला की पहिला प्रश्न माझा असेल, तेव्हा बोट लावलं होतं का, आणि चार्जर कुठला होता?