पान नाही हो, खोड आहे ते!

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या बाल्कनीत ब्रह्मकमळ आहे आणि जे म्हणतात, "फुलतच नाही, बहुतेक दुसरीच जात गळ्यात मारली."

कुंडी टाकून देऊ नका. आधी ओळख पटवू.

आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, तो एक निवडुंग आहे : एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जंगलातला. उत्तराखंडचं राज्यफूल वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि आपल्या कुंडीतलं ते लांब 'पान' म्हणजे चपटं झालेलं खोड. पुरावा हवाय? कळी कुठून येते बघा. थेट 'पानाच्या' कडेच्या खाचेतून! त्या खाचेत बारीक ठिपका असतो, एरिओल. फांद्या, फुलं, काटे असले तर काटे, सगळं तिथूनच. एरिओल सापडला की कॅक्टस पक्का.

ख्रिसमस कॅक्टसही तसाच, पण ब्राझीलच्या डोंगरांतला. नर्सरीत या एका नावाखाली दोन प्रकार मिळतात. खोडाच्या कडेला टोकदार दाते आणि पराग पिवळे, तर ट्रंकाटा. कडा गोलसर आणि पराग गुलाबी, तर बकलेयी.

आता खरी गंमत. माझ्याकडे एकाच ब्रह्मकमळाची दोन कटिंग्ज आहेत. खिडकीतलं रुंद, हिरवंगार. पॅसेजच्या अंधारातलं बारीक, लांबलचक, काठीसारखं. फोटो टाकले तर कुणीही दोन जाती म्हणेल. कडक उन्हात हेच झाड पिवळट, लालसर पडतं. म्हणून एका मरगळलेल्या फांदीवरून जात ठरवायची नाही. चांगल्या उजेडात आलेली नवी वाढ बघायची, आणि शेवटचा निकाल फुलावर.

फुलाचं काय? ब्रह्मकमळाला भरपूर उजेड हवा, पण दुपारचं ऊन नको. कटिंग नवं असेल तर धीरही हवा. ख्रिसमस कॅक्टसला कळ्या धरायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री आणि थोडा गारवा लागतो. बाल्कनीत रात्रभर दिवा किंवा समोर रस्त्यावरचा लाइट असेल, तर त्याच्या लेखी रात्र होतच नाही. अशी कुंडी ऑक्टोबरपासून संध्याकाळी काळोख्या जागी ठेवा, सकाळी परत उजेडात.

तेव्हा नवीन 'व्हरायटी' ऑनलाइन मागवण्याआधी जुनी कुंडी दोन महिने खिडकीत ठेवून बघा. कदाचित तीच व्हरायटी घरात असेल. भेटू पुढच्या भागात!