न बोलावता येणारी झोप



झोपेवर व्याख्यान देणाऱ्या माणसाची एक मोठी सोय असते. श्रोत्यांपैकी कोणी डुलक्या घेऊ लागले तरी त्याने रागावण्याचे कारण नाही. विषय चांगला अंगी लागला असे समजून त्याने पुढे बोलत राहावे. तेव्हा मागच्या रांगांतील मंडळींनी मुळीच संकोच करू नये. माझी त्यांना विनंती एवढीच, की घरी गेल्यावर त्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. या लोखंडी खुर्चीवर, कानाशी ध्वनिक्षेपक चालू असताना, शेजाऱ्याचे कोपर बरगडीला लागत असताना आपल्याला झोप येते. आणि घरी स्वच्छ गादी, मऊ उशी, अंधार, पंखा अशी सारी सिद्धता असताना तीच झोप दोन दोन तास उंबऱ्याबाहेर उभी राहते. हे असे का व्हावे?

तीस वर्षे वैद्यकीचा धंदा केल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की या एका प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट उमगले त्याला गोळीची गरज क्वचितच पडते. माझ्याकडे येणारे लोक म्हणतात, ‘डॉक्टर, गोळी नको, काहीतरी नैसर्गिक उपाय सांगा.’ नैसर्गिक म्हणजे त्यांच्या मनात जायफळ घातलेले दूध असते, किंवा कुणीतरी सुचविलेला एखादा काढा असतो. दूध प्यायला माझी हरकत नाही. पण गोळीच्या जागी काढा ठेवला म्हणजे उपाय नैसर्गिक झाला असे नव्हे. ‘आता हे घेतले, आता झोप आलीच पाहिजे’ ही वाट पाहणे दोन्हीकडे सारखेच, आणि खरी अडचण त्या वाट पाहण्यात आहे.

इथे, या मांडवात, कोणीही झोपण्याचा प्रयत्न करीत नाही. उलट सभ्यपणे जागे राहण्याचा प्रयत्न करतो. घरी मात्र आपण दिवा मालवतो आणि झोपेच्या मागे लागतो. घड्याळ पाहतो. साडेअकरा झाले. बारा झाले. आता लगेच झोप लागली तर साडेपाच तास मिळतील, असा हिशेब मांडतो. हा हिशेब मांडणारा माणूस कसा झोपेल? हिशेब करायला जागेच राहावे लागते. व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रांकल अशा रुग्णांना सांगत, की अंथरुणावर पडा आणि शक्य तितका वेळ जागे राहण्याचा प्रयत्न करा. सल्ला विनोदी वाटतो. पण पुष्कळांना त्याने झोप लागते. प्रयत्नाची दिशा फिरली, की धडपड सुटते.

तर मग आपल्या हाती काय आहे? झोप आणणे आपल्या हाती नाही. तिची वाट मोकळी ठेवणे आहे, आणि ते काम रात्री दहाला सुरू होत नाही. सकाळी सहाला होते. हे मी थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्या शरीरात झोपेची दोन खाती आहेत. पहिले खाते साठवणीचे. आपण जागे असतो तसतसा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि झोपेचा भार वाढवतो. झोपेत तो उतरतो. चहाकॉफीतील कॅफीन नेमके या अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसते. थकवा जात नाही. थकव्याचा निरोप पोहोचत नाही इतकेच. आणि कॅफीन लवकर हलतही नाही. पाच-सहा तासांनीसुद्धा त्याचा निम्मा अंश अंगात उरलेला असतो. सहा वाजता कपभर चहा घेणाऱ्याने अकरा-बाराच्या सुमारास अर्धा कप पुन्हा घेतला, असे समजायला हरकत नाही. कुणाला बाधते, कुणाला बाधत नाही. पण ज्याची तक्रार आहे त्याने दुपारनंतरचा चहा आधी सोडून पाहावा आणि मग माझ्याकडे यावे.

वामकुक्षीचेही तसेच. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे पडणे वेगळे, आणि पडदे ओढून चार वाजेपर्यंत घोरणे वेगळे. चरकसंहितेने दिवसाच्या झोपेला मोकळी सवलत दिली ती उन्हाळ्यात, आणि म्हातारे, आजारी, थकलेले अशांना. ज्याला रात्री झोप लागते त्याने दुपारी खुशाल पडावे. ज्याला लागत नाही त्याने दुपारी ती उधळू नये. फारच डोळे मिटू लागले तर वीस मिनिटे, तीही तीनच्या आत.

दुसरे खाते घड्याळाचे. 1729 मध्ये मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग पॅरिसच्या अकादमीपुढे मांडला गेला. त्याने लाजाळूसारखे रोप काळोखात ठेवले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने सकाळी उघडत आणि संध्याकाळी मिटत राहिली. म्हणजे वेळ रोपाच्या आतच होती. माणसाचे काय? 1938 मध्ये नथॅनियल क्लाइटमन हे अमेरिकन प्राध्यापक आपल्या रिचर्डसन नावाच्या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत उतरले. तेथे ऊन नाही, वारा नाही, गरमी-थंडीचा फरक नाही. बत्तीस दिवस दोघांनी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळायचे ठरवले. तरुण रिचर्डसनच्या शरीराने तो दिवस मानला. चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकांच्या शरीराने मानला नाही. त्यांच्या अंगाचे तापमान चोवीस तासांच्याच तालावर चढत-उतरत राहिले. पुढे फळमाश्यांवर काम करून हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते ते ज्यांनी उलगडले, त्या हॉल, रोझबॅश आणि यंग या तिघांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपले हे घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत चोवीस तासांहून किंचित सावकाश चालते. रोज ते थोडे पुढे आणावे लागते, आणि आणणारा असतो सकाळचा उजेड. डोळ्यात शिरलेला उजेड थेट मेंदूतील त्या घड्याळापर्यंत पोहोचतो. म्हणून मी रुग्णाला पहिला प्रश्न ‘किती वाजता झोपता?’ असा विचारीत नाही. ‘किती वाजता उठता, आणि उठल्यावर बाहेर पडता का?’ असा विचारतो. रोज ठराविक वेळी उठणे, आदली रात्र कशीही गेली असली तरी उठणे, आणि अर्धा तास उघड्यावर फिरणे, याच्याइतके स्वस्त आणि याच्याइतके कंटाळवाणे औषध माझ्याजवळ दुसरे नाही. रविवारी नऊपर्यंत लोळणारा माणूस रविवारी रात्री जागा का राहतो, हे आता सांगायला नको.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडत आणि सकाळी साडेसहाला उठत. नऊ तासांत झोप मोजून साडेपाच तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. उरलेले साडेतीन तास छताकडे पाहण्यात जात. बाईंना खरी भीती झोपेची नव्हती. त्यांच्या आईला म्हातारपणी विस्मरण झाले होते, आणि झोप गेली म्हणजे आपलीही तीच वाट, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. रोज रात्री नऊ वाजले, की त्यांच्या पोटात गोळा येई.

मी त्यांना सांगितले, पावणेबाराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही आणि साडेपाचला उठायचेच. बाई संतापल्या. म्हणाल्या, ‘मी झोप मागायला आले, तर आहे तीही तुम्ही काढून घेता!’ हा उपाय माझा नाही. आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये तो मांडला. अंथरुणावरचा वेळ प्रत्यक्ष झोपेच्या वेळेजवळ आणायचा, म्हणजे भार साचतो आणि झोप एकसंध होते. मग दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटे वाढवायची. जोडीला रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये सांगितलेला नियम: अंथरूण झोपेसाठीच, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर सरळ उठून दुसरीकडे बसायचे. मंद दिव्यात, ज्यात डोके लागत नाही असे काहीतरी करायचे. बाईंनी विचारले, ‘काय करू?’ मी म्हटले, ‘वाती वळा.’ घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावले.

पहिला आठवडा वाईट गेला. दिवसा डोळे चुरचुरत, यजमानांवर ओरडत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला, की वर्षभर पुरतील एवढ्या वाती झाल्या आहेत, आता काय करू? तिसऱ्या आठवड्यात स्वतः आल्या आणि चोरी सांगावी तसे हळूच म्हणाल्या, की काल यजमानांनी दिवा मालवायच्या आधीच मला झोप लागली. दोन-अडीच महिन्यांनी त्या सहा-सव्वासहा तास झोपू लागल्या. आठ तास कधीच झाले नाहीत. त्यांना तेवढ्यांची गरज नव्हती. वय वाढते तशी झोप हलकी होते, मध्ये एकदोनदा जाग येते. तो आजार नव्हे, हे त्यांना पटायला मात्र त्या वातींहूनही जास्त वेळ लागला.

हा उपाय सर्वांनी ऐकून घरी सुरू करावा असे माझे म्हणणे नाही. जे बस किंवा ट्रक चालवतात, ज्यांना फिट येतात, ज्यांचे मन उन्मादाकडे झुकते, त्यांनी झोप कमी करण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. जोरात घोरणारे, मध्येच श्वास अडकून दचकणारे आणि दिवसा पेंगणारे यांना तर वाती वळून काहीच उपयोग नाही. त्यांना तपासणीच हवी. आणि वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याने माझे भाषण ऐकून उद्या ती एकदम बंद करू नये. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते.

आता थोडे आजीबद्दल. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी रात्री तळपायांना तेल लावून काशाची वाटी घासण्याचा प्रघात होता. वाटीने झोप येते असे कुणी सिद्ध केले आहे, असा माझा दावा नाही. परंतु झोप लागण्यापूर्वी शरीराचा आतला भाग थोडा थंड व्हावा लागतो, आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेवाटे बाहेर जाते. पाय उबदार असले म्हणजे झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 1999 मध्ये दाखवले. झोपण्यापूर्वी तास-दीड तास कोमट पाण्याने आंघोळ करण्याचा गुणही त्यातच आहे. चरकाने झोपेच्या साधनांत अभ्यंग आणि स्नान सांगितले, आणि त्याच यादीत मनाचे सुखही सांगितले. यादीतले हे शेवटचे औषध दुकानात मिळत नाही.

मोबाइलविषयी सगळेच बोलतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. त्याच्या उजेडाची फार चर्चा होते. मला उजेडापेक्षा त्यातला मजकूर अधिक जागवणारा वाटतो. रात्री अकराला भावकीच्या गटावर कुणी जमिनीचा वाद काढला, तर पडदा कितीही मंद केला तरी काय उपयोग? दारूविषयीही दोनच वाक्ये. ती गुंगी लवकर आणते, आणि उत्तररात्रीची झोप मोडून ते सारे व्याजासह वसूल करते.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते, आणि ती सांगितल्यावाचून बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी एवढा वेळ ज्याच्या घरात झोपायची स्वतंत्र खोली आहे, त्याच्याशी बोललो. माझ्या दवाखान्यात अशाही बाया येतात, ज्यांच्या नळाला पाणी पहाटे तीनला येते. रात्रपाळीचे कामगार येतात, ज्यांना पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपायचे असते आणि बाहेर मुले क्रिकेट खेळत असतात. त्यांना मी ‘ठराविक वेळी उठा’ म्हणून काय सांगू? खिडकीला जाड चादर लावा, कानात कापूस घाला, शक्य तर पाळ्या सारख्या बदलून घेऊ नका, एवढेच सांगतो, आणि सांगताना लाज वाटते. पाणी कधी सोडायचे हे ठरवणाराही त्यांच्या झोपेचा वैद्य आहे. ध्वनिक्षेपकांचेही तेच. रात्री दहा ते सकाळी सहा ते बंद ठेवावेत, असा देशाचा नियम 2000 सालापासून आहे, मोजक्या दिवसांची सवलत सोडून. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला गेला. आपल्या गल्लीत वर्षातून किती रात्री तो हक्क शाबूत असतो, ते आपण प्रत्येकाने मोजावे. आणि ज्या मंडळाला आपण वर्गणी देतो, त्याच्या कार्यकर्त्यांशी त्याबद्दल बोलावे. मी आमच्या गल्लीत बोललो आहे. गेल्या वर्षी साडेदहाला बंद झाले. नियमापेक्षा अर्धा तास उशीर झाला, पण पूर्वी एक वाजत असे.

चिटणीसांनी व्याख्यानानंतर मागच्या दालनात चहाची व्यवस्था केल्याचे मला सुरुवातीलाच कानात सांगितले होते. आता आठ वाजून दहा मिनिटे झाली आहेत. त्यांच्या आदरातिथ्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मी पाणी घेईन. आपले आपण ठरवावे.