बाळाचा आलेख कसा वाचायचा आणि कधी विचारायचं

आज इथे अमेरिकेत बाळ वाढवणाऱ्या आईबाबांशी बोलायचंय. आजी-आजोबांनीही ऐकावं.

तपासणी करून आलात की हातात कागद मिळतो. वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि प्रत्येकापुढे पर्सेंटाइल. वजनापुढे पंधरा लिहिलेलं असतं. तेवढ्यात भारतातून व्हिडिओ कॉल येतो, "अगं, बाळ सुकलंय का? बाळसं धरलं नाही अजून." झालं, आईच्या पोटात गोळा.

मी एमबीएला गेलो तो प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणून आधी हेच सांगतो. इथला पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. पंधरावा म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांपैकी साधारण पंधरा बाळं आपल्यापेक्षा हलकी, बाकीची जड. एवढंच. बघायची असते ती रेषेची दिशा. बाळ पहिल्यापासून पंधराव्या रेषेच्या आसपास वाढतंय, खेळतंय, तर बहुधा सगळं ठीक आहे. पण साठाव्यावर असलेलं बाळ काही महिन्यांत पंधराव्यावर आलं, तर आकडा तोच असूनही गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

"आपली मुलं यांच्या तक्त्यात कशी बसणार?" हाही नेहमीचा प्रश्न. दोन वर्षांपर्यंत इथे वापरतात तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, 2006 सालचा. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. म्हणजे आपली मुलंही त्यात आहेत. दोन वर्षांनंतर डॉक्टर सीडीसीचा तक्ता वापरतात. तेव्हा पर्सेंटाइल एकदम बदललेला दिसला तर आधी तक्ता बदललाय का ते विचारा.

ढोबळ हिशेब असा: जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचेक महिन्यांत ते जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट होतं. पुढे वेग मंदावतो. "वाढदिवसानंतर खातच नाही" ही तक्रार बऱ्याचदा तिथूनच येते.

आता वजनाच्या पलीकडचं. बाळ हसतं कधी, बसतं कधी, बोलतं कधी? सीडीसीची यादी मोफत अॅपवरही मिळते. 2022 मध्ये ती बदलली. आता त्या त्या वयात निदान 75 टक्के मुलं जे करतात, तेच यादीत आहे. दोन महिन्यांना आपण बोललो की हसणं, चारला मान धरणं, नऊला आधाराशिवाय बसणं, वर्षाला टाटा करणं, पंधराव्या महिन्यात हवी ती वस्तू बोटाने दाखवणं, दीड वर्षाला न धरता चालणं. रांगणं या यादीत नाही. काही मुलं न रांगताच उभी राहतात. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मूळ तारखेपासून मोजायचं.

यादी अशी असल्यामुळे एखादी गोष्ट राहिली तर घाबरायचं कारण नाही, पण वाट बघत बसायचंही नाही. आणि येत असलेली गोष्ट बाळाने सोडून दिली, शब्द गेले, नजर देणं बंद झालं, तर कोणत्याही वयात लगेच फोन करायचा.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त अडतं ते बोलण्यापाशी. "घरात मराठी, डेकेअरला इंग्रजी, म्हणून उशीर होतोय." "त्याचा काकाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." मंडळी, दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. शब्द मात्र दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. माऊ, काऊ, भूर, मंमं हे बाळ नेहमी एकाच अर्थाने म्हणत असेल, तर ते शब्दच आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांना ती नुसती बडबड वाटेल. म्हणून घरून यादी लिहून न्या: शब्द, अर्थ, केव्हापासून. ही यादी करूनही दीड वर्षाला तीन शब्द भरत नसतील, किंवा दोन वर्षांना "अजून दूध"सारखे दोन शब्द जोडून येत नसतील, तर दोष मराठीवर ढकलू नका. मराठी बंदही करू नका. आधी कान तपासून घ्या.

आणि पुढची पायरी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शन ही सरकारी सोय आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईवडील स्वतः फोन करू शकतात. तपासणी मोफत असते आणि साधारणपणे 45 दिवसांत व्हावी असा नियम आहे. ती शक्य तिथे मुलाच्या भाषेत व्हावी असंही कायदा सांगतो, तेव्हा मराठी दुभाषी मागायला लाजू नका. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर हेच काम तुमच्या भागातल्या सरकारी शाळेकडे जातं.

"शिक्का बसेल" ही भीती मी बऱ्याच घरांतून ऐकतो. तपासणीत काही निघालं नाही, तर जीव भांड्यात पडेल. निघालं, तर मदत लवकर सुरू होईल. वाट बघण्यात मात्र गेलेले महिने परत मिळत नाहीत.

तेव्हा येत्या शनिवारी दहा मिनिटं काढा. तुमच्या बाळाच्या वयाची यादी वाचा, बाळाचे शब्द कागदावर उतरवा आणि तो कागद पुढच्या तपासणीच्या पिशवीत आत्ताच ठेवा. बाळाला आमच्याकडून एक गोड पापा.