आधी प्रश्न, मग पडदा

शाळेत इंटरनेट असावं की नसावं, हा वाद आता मागे पडला आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, ‘दीक्षा’ ॲपवर पाठ आले, लोकवर्गणीतून कितीतरी जिल्हा परिषद शाळांत टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. पुस्तकाला कोड जोडण्याचं काम तर आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी करून दाखवलं आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. तेव्हा साधनांचं कौतुक आज पुन्हा करत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती दोन-तीनदा सांगणार आहे: पडदा उजळण्याआधी मुलाच्या मनात प्रश्न उभा राहिला पाहिजे. आधी प्रश्न, मग पडदा.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. मोकाट पाणी सोडलं की सगळं रान भिजलेलं दिसतं, पण पाणी कुठे साचतं, कुठे पोचतच नाही. ठिबकचं पाणी कमी असतं, मात्र ते मुळाशी जातं. आणि ठिबक अंथरली म्हणजे काम संपलं, असंही होत नाही. फिल्टर धुवावा लागतो, क्षार धरून ड्रिपर बंद पडतात, म्हणून सरीतून चालत जाऊन कोणत्या झाडाशी थेंब पडत नाही ते बघावं लागतं. वर्गात तासभर व्हिडिओ लावून ठेवणं हे मोकाट पाणी झालं. वर्ग शांत, पडद्यावर रंग, सगळं हिरवंगार भासतं. पण मागे बसलेल्या ज्या मुलीला अजून हातच्याची वजाबाकी जमत नाही, तिच्यासमोरून अपूर्णांकांचं सुंदर चित्र नुसतं वाहून जातं. तिच्यापाशी थेंब पडला का, हे बघायला शिक्षकानंच सरीतून फिरायला हवं.

ही नुसती उपमा नाही, याला पुरावा आहे. पेरू देशानं ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलं पुढे गेल्याचं काही आढळलं नाही. याच्या उलट दिल्लीतला प्रयोग बघा. तिथे संगणक आधी मुलाची पातळी तपासत होता आणि तिथूनच पुढचा प्रश्न देत होता. जोडीला लहान गटांना शिकवणारा माणूसही होता. साडेचार महिन्यांत ती मुलं गणितात आणि हिंदीतही इतरांच्या पुढे गेली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. यंत्रं दोन्हीकडे होती. दिल्लीत यंत्रानं मुलाला आधी विचारलं, मग सांगितलं.

आता प्रश्न आणायचा कुठून? श्रोते हो, आपण तेरच्या जिल्ह्यात राहतो. परदेशी खलाशांच्या जुन्या ग्रीक वृत्तांतात ज्या तगर नगराचं नाव आहे, ते हे तेर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. मुलांना तिच्यासमोर वही-पेन्सिल घेऊन बसवा. केशरचना कशी आहे, दागिने कुठे कुठे आहेत, ती कशाचा भाग असेल, हे त्यांना टिपू द्या, चित्र काढू द्या. मग शाळेत येऊन इंटरनेट उघडा आणि इटलीतल्या पाँपेई शहराच्या उत्खननात १९३८ साली मिळालेली, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेली हस्तिदंती मूर्ती दाखवा. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर, आणि त्यात आपल्या तेरच्या मूर्तीशी साम्य सांगणारी, वीतभर उंचीची बाई! तिच्या टाळूला भोक आहे; मग ती आरशाची मूठ होती की एखाद्या चौरंगाचा पाय? मथुरेला घडली, जालन्याकडच्या भोकरदनला, की तेरलाच? याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, आणि हीच वर्गासाठी चांगली गोष्ट आहे. एका ठिकाणी एक उत्तर, दुसरीकडे दुसरं. मग खरं कसं ठरवायचं, हे मुलांना तिथे शिकता येतं. हीच दोन चित्रं आधीच पडद्यावर दाखवली असती, तर मुलं ‘छान’ म्हणून पुढच्या धड्याला गेली असती. वहीत आधी चित्र काढलेलं मूल पडद्याशी भांडू शकतं. म्हणून पुन्हा म्हणतो, आधी प्रश्न, मग पडदा.

यावर शिक्षक म्हणतील, गावात रेंज नाही, वीज जाते, प्रोजेक्टर बिघडून कपाटात पडला आहे. खरं आहे. पण प्रश्न आधी ठरलेला असेल तर दिवसभर रेंज लागत नाही. तालुक्याला गेल्यावर दोन चित्रं, एक नकाशा फोनमध्ये उतरवून आणला तरी एका फोनवर गटागटानं वर्ग चालतो. पालक म्हणतील, आधीच पोरं मोबाइल सोडत नाहीत. त्यांची काळजी खोटी नाही. देशभरच्या ग्रामीण भागाच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोन मुलांच्या हाती आहेच. काय शोधायचं ते ठरवून फोन उघडायची आणि मिळालं की बाजूला ठेवायची सवय शाळेनं नाही लावली, तर कोण लावणार? तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शिक्षकाचा इंटरनेटवरचा वेळ शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यात जातो: हजेरी, पोषण आहार, फोटो, लिंक. अधिकारी मंडळींनी हे मनावर घ्यावं. सरीतून फिरणारा माणूसच तुम्ही दिवसभर मीटरपाशी बसवून ठेवलात, तर ठिबकचा काय उपयोग?

वेळ संपत आला. कळंब, वाशी, भूमकडची जी मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांचं काय, हा विषय राहिलाच. फडावर शाळा नसते, पण टोळीत एखादा फोन असतो. त्यावरून गुरुजींनी रोज एक प्रश्न पाठवला आणि मुलानं बोलून उत्तर दिलं, तर निदान धागा तुटणार नाही. त्याला हंगामी वसतिगृहांची जोड कशी द्यायची, यावर पुढे कधीतरी बोलू. तोवर शिक्षकांनी एवढं करून बघा: कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस रोज मिळतो. शाळेच्या अंगणात सपाट बुडाचं, सरळ उभ्या कडांचं भांडं ठेवून मुलांना आधी स्वतः पाऊस मोजू द्या, फळ्यावर आकडा लिहू द्या, आणि मगच मंडळाचा आकडा उघडा. दोन आकडे जुळले नाहीत, तर त्या दिवशी परिपाठ थोडा लांबला तरी चालेल.