भुजच्या धावपट्टीवरच्या बाया

डिसेंबर १९७१. पाकिस्तानी विमानांनी कच्छमधल्या भुजची धावपट्टी बॉम्ब टाकून फोडली. दुरुस्तीला माणसं पुरेनात. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपल्या नागपूरचे. शेजारच्या माधापर गावाला हाक गेली आणि सुमारे ३०० बाया कामावर आल्या.

भीती वाटत नव्हती का? वाटणारच की! पण भोंगा वाजला की झुडपांत पळायचं, दुसरा वाजला की पुन्हा कामाला लागायचं, हे ठरलेलं होतं. वरून दिसू नये म्हणून अंगावर हिरव्या साड्या आणि धावपट्टीवर शेणाचा सारवा. सारवणं तर त्यांच्या रोजच्या हातचं काम. पहिला दिवस उपाशीच गेला. दुसऱ्या दिवशी देवळातून फळं-मिठाई आली. ७२ तासांत धावपट्टी तयार!

मला यात कुठं मोठं भाषण दिसत नाही. कुठं लपायचं ते ठाऊक, शेजारी ओळखीची बाई, आणि पोटाला काहीतरी. पूर आला, साथ आली, की आपल्या गटातल्या कामकरी बाईला आपण आधी ‘किती झालं?’ विचारतो. ‘जेवलीस का?’ राहूनच जातं.

त्या बायांना पुढं ५०,००० रुपये बक्षीस मिळालं. ते त्यांनी गावच्या सभागृहाला देऊन टाकलं.