धोकटीतला दगड



आम्ही दगडावर बोलणार हे ऐकून काहींना धास्ती वाटली असेल. कामगार चळवळीतली माणसे दगड कशासाठी उचलतात, याविषयी लोकांच्या ठाम समजुती आहेत! पण आजचा दगड राखण्याचा आहे.

आमच्या वारज्यात एका वृद्ध नाभिक कारागिराची धोकटी भंगारात निघाली होती. तीत दोन वस्तरे, चामड्याचा पट्टा आणि तेलाने काळाकुट्ट झालेला, मध्ये खोल गेलेला निसणा. आम्ही तो धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी मळाखालून पिवळा थर दिसला. त्याच्या पाठीला करडी पाटी.

ही बेल्जममधील आर्देन डोंगराळ भागातल्या दगडाची ठेवण. त्यात तामड्याचे अतिसूक्ष्म कण असतात. पाणी टाकून घासले की दुधट लगदा निघतो आणि ते कण पोलाद झिजवतात. जर्मनीतील थुरिंजियाचा दगड निळसर-करड्या पाटीसारखा असतो; अमेरिकेतील आर्कन्सॉचा गारेसारखा कठीण. सर्वत्र एकसारखे चमचमते खडे दिसले, तर तो बहुधा कारखान्यातला कार्बोरंडम समजावा. नुसत्या रंगावर मात्र निकाल देऊ नये.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण पाट्यावरवंट्याला उत्तम, वस्तऱ्याला भरड. पाट्याला टाकी लावून खरखरीत करतात. निसण्याचे उलटे, तो सपाट हवा. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकतात, आणि पाठीवरून धारेचा कोन ठरतो. दगडात खळगा असला की धार सारखी लागत नाही.

दगड सपाट करू म्हटल्यावर मुलगा कासावीस झाला. "तो खळगा बाबांच्या हाताचा आहे," तो म्हणाला. आम्हीही थबकलो. माणसाच्या उभ्या आयुष्याची मेहनत त्या खळग्यात होती. शेवटी म्हाताऱ्यांनाच विचारले. ते म्हणाले, "खळगा काय जपता? धार लागेना म्हणून तर दगड अडगळीत पडला. त्याला कामाला लावा."

मग जाड काचेवर पाण्याचा पॉलिश कागद ठेवला. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत पाण्याखाली घासले. कोरडे घासू नये. दगडाची धूळ फुफ्फुसात बसते. खाणीतल्या कामगारांनी हे जीव देऊन शिकवले आहे. दगड तापवू नये, जोडलेले थर सुटतात.

आज दुकानात गिऱ्हाइकागणिक नवे पाते लावतात, आणि ते योग्यच आहे. रक्तातून रोग पसरतात. पण म्हणून जुने कसब टाकाऊ ठरत नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. हत्यार ज्याच्या हाती असते, त्याला नाही म्हणण्याचेही बळ असते.

तो दगड आता त्या घरी आहे. म्हाताऱ्यांचा हात कापतो, म्हणून मुलगा वस्तरा धरतो आणि ते नुसत्या आवाजावरून चूक सांगतात. आपल्या घरी अशी धोकटी असेल, तर ती भंगारात देण्याआधी दगड धुऊन पाहा. आणि तो वापरणारा माणूस हयात असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.